जुन्या मोटरची पवनचक्की : प्रत्येक बोटीवर नको, जेटीवर सगळ्यांची मिळून एक हवी



गेले काही महिने आपल्या पोरांच्या मोबाईलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरत आहेत. जुनी मोटर घ्या, पीव्हीसी पाईप कापून तीन पाती लावा, बांबूवर चढवा आणि घरभर फुकट वीज वापरा. कोणी सांगतो पाचशे वॅट, कोणी सांगतो पाच हजार. आपल्यातल्या तिघा-चौघांनी भंगारवाल्याकडून मोटरी आणल्याही. आमच्या शेडमध्ये येऊन विचारतात, "काका, आमच्या ट्रॉलरवर बसवू का?" आता बंदी तोंडावर आली आहे, हाताला काम कमी आणि डोक्यात कल्पना जास्त, असे दिवस येणार. म्हणून संस्थेचं मत आत्ताच लिहून ठेवतो.

आमचं मत थोडक्यात असं. मोटरपासून वीज होते, ते खोटं नाही. पण किती होते ते व्हिडिओवाले खोटं सांगतात, आणि त्यात जीव कुठे जाऊ शकतो ते सांगतच नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपापल्या बोटीवर चक्की बसवू नये. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर एकच करावी, आणि ती नीट करावी.

हे आम्ही घरात बसून बोलत नाही. दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट दोन पावसाळ्यांपूर्वीची. आपल्या एका सभासदाचा ट्रॉलर बंदीत नदीत नांगरून होता. तीन दिवस पाऊस थांबला नाही, जेटीवरची लाईट दीड दिवस गेलेली. बोटीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी उतरली आणि ती भरायला वीज नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी बोटीचा नुसता केबिनचा माथा पाण्यावर दिसत होता. इंजिन खोलून साफ करण्यात त्या घराचा अर्धा हंगाम गेला. बारा व्होल्टची एक भरलेली बॅटरी वेळेवर मिळाली असती तर हे टळलं असतं. बाहेर मात्र तीनही दिवस वारा पिसाटासारखा वाहत होता.

दुसरी गोष्ट गेल्या मे महिन्यातली. आपल्याच एका पोराने ट्रेडमिलची मोटर आणून केबिनच्या टपावर चक्की बसवली. पोरगा हुशार, आठ दिवस छान चालली, केबिनमध्ये दिवा लागला, आम्हीही जाऊन कौतुक करून आलो. नवव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा वारा सुटला. चक्की इतकी जोरात फिरायला लागली की पाती दिसेनाशी झाली, नुसती शिट्टी ऐकू येत होती. मग एक पातं मोडून उडालं आणि शेजारच्या बोटीवर जाळं विणत बसलेल्या खलाशाच्या डोक्यावरून हातभर अंतराने जाऊन लाकडात रुतलं. तो हातभर चुकला म्हणून आज हा विषय हसत बोलता येतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रश्न समजतो. वाऱ्याची वीज आपल्याला हवी आहे. पण ती अशी नको.

कुठली मोटर चालते, कुठली नाही

भंगारात दिसणारी प्रत्येक मोटर चालत नाही. पाण्याच्या पंपाची, मिक्सरची, साध्या छताच्या पंख्याची मोटर आणून फिरवली तर काही मिळत नाही. पंपाच्या मोटरीत आत चुंबकच नसतो. बाहेरून वीज दिल्यावर तिच्यात चुंबकत्व तयार होतं. तिच्याकडून वीज काढायची तर कपॅसिटर लावावे लागतात आणि प्लेटवर लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त वेगाने, म्हणजे साधारण १५०० आरपीएमच्या वर फिरवावी लागते. पाच फुटांची चक्की साध्या वाऱ्यात तीनशे फेऱ्यांवर फिरते. हिशेब जुळत नाही. ट्रकच्या आल्टरनेटरचंही तेच, तो इंजिनाच्या पट्ट्यावर जोरात फिरण्यासाठी केलेला आहे.

काही जण पंपाच्या मोटरीचा रोटर लेथवर उतरवून त्यावर निओडिमियमचे चुंबक चिकटवतात. ती पद्धत खरी आहे. पण चुंबक किंचित तिरके लावावे लागतात, नाहीतर मोटर झटके देत अडते आणि मंद वाऱ्यात सुरूच होत नाही. शिवाय हे चुंबक खाऱ्या हवेत फार लवकर गंजतात. वरचा मुलामा जरा खरवडला की पूड होऊन गळतात. इपॉक्सीचा जाड लेप दिल्याशिवाय आपल्याकडे ते टिकणार नाहीत.

चालतात त्या कायम चुंबकाच्या मोटरी. ट्रेडमिलची डीसी मोटर, इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली हब मोटर, काही वॉशिंग मशीनची थेट ड्रमला जोडलेली मोटर. ओळखायची सोपी रीत आहे. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना जोडा आणि दांडा हाताने फिरवा. दांडा जड झाला तर आत चुंबक आहे. वायरी सोडल्यावर हलका झाला तर खात्रीच. जोडूनही हलकाच राहिला तर ती मोटर भंगारवाल्याला परत करा. ही परीक्षा दुकानात उभं राहून एका मिनिटात होते. पैसे मोजण्याआधी करा.

ट्रेडमिलच्या मोटरच्या प्लेटवर समजा १८० व्होल्ट आणि ४००० आरपीएम लिहिलं आहे. ४००० ला १८० ने भागा, साधारण २२ येतात. म्हणजे एका व्होल्टसाठी २२ फेरे. बारा व्होल्टची बॅटरी भरायला निदान १३ व्होल्ट हवेत, म्हणजे २९० च्या आसपास फेरे. एवढे फेरे पाच फुटांची चक्की १५ किलोमीटरच्या वाऱ्यात गाठते. म्हणून ही मोटर चालते.

पण त्याच प्लेटवर "२ एचपी" लिहिलेलं पाहून कोणी हुरळून जाऊ नये. दोन एचपी हे १८० व्होल्टला. मोटरची तार किती अँपिअर सोसते ते ठरलेलं असतं, आणि ते व्होल्ट कमी झाले म्हणून वाढत नाही. दहा अँपिअरची मोटर १३ व्होल्टवर १३० वॅटच देणार. त्यापेक्षा जास्त ओढलं तर आतली तार जळणार. पाच हजार वॅट सांगणाऱ्याला हा एकच हिशेब विचारावा.

आमच्या मते आपल्या हवेत ट्रेडमिलपेक्षा स्कूटरची हब मोटर बरी. तिच्यात कार्बन ब्रश नसतात, ती बरीचशी बंदिस्त असते आणि कमी फेऱ्यांत व्होल्ट देते. तिच्यातून तीन वायरी बाहेर येतात, म्हणून सहा डायोडचा रेक्टिफायर लावावा लागतो. आपला वायरमन ते करू शकतो.

वारा किती देतो

वाऱ्याचा एक नियम दर्यावर जाणाऱ्याला पटायला कठीण नाही. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. पाच फुटांच्या घरगुती चक्कीचा सगळा तोटा धरून हिशेब केला तर १५ किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण १५ वॅट मिळतात. ३० च्या वाऱ्यात १२० वॅट. आणि ६० च्या वाऱ्यात हिशेबाने हजारच्या जवळ, पण तोपर्यंत आपली १३० वॅटची मोटर जळालेली असते, नाहीतर पाती मोडलेली असतात. उत्तम कारखान्यात केलेली चक्कीसुद्धा वाऱ्यातली ५९ टक्क्यांच्या वर ताकद काढू शकत नाही, तो निसर्गाचाच नियम आहे. आपण वीस टक्के काढले तरी पुष्कळ.

आता आपलं वर्ष बघा. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे दुपारी खारा वारा येतो, संध्याकाळी पडतो, पहाटे थोडा मतलई. या दिवसांत शंभर वॅटचं सोलर पॅनल दिवसाला साधारण चारशे वॅट-तास देतं. चक्की दुपारच्या पाच-सहा तासांत ऐंशी-नव्वद वॅट-तास देईल. म्हणजे मासेमारीच्या हंगामात बोटीवर सोलर पॅनलच बरं. त्याला फिरणारं काही नाही, मोडणारं काही नाही, टपावर पसरून बांधलं की झालं.

उलट जून-जुलैमध्ये ऊन नाही आणि वारा भरपूर. पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी नांगरून किंवा वर ओढून ठेवलेल्या. वारा जोरात असतो तेव्हा बोटीवर माणूसच नसतो. मग माणूस नसलेल्या बोटीवर, तुफानात, घरगुती चक्की फिरत ठेवायची? हे आम्हाला पटत नाही.

काही जण म्हणतात, बोट पळताना समोरून वारा लागतोच, तेव्हा चक्की फुकट फिरेल. फुकट नाही. तो वारा आपल्या डिझेलनेच तयार केलेला असतो. चक्की त्याला अडवते, इंजिनावर ओझं पडतं, आणि इंजिनाचा आल्टरनेटर त्याच वेळी बॅटरी भरतच असतो. एकाच विजेसाठी दोनदा डिझेल कशाला जाळायचं? परदेशात शिडाच्या होड्यांवर छोट्या चक्क्या दिसतात ते खरं आहे, पण त्या होड्या इंजिन बंद ठेवून आठवडेच्या आठवडे चालतात. आपलं तसं नाही.

आणखी एक स्पष्ट सांगतो. या विजेवर एलईडी लावून मासे गोळा करण्याचा विचार कोणी करू नये. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे, आणि त्या दिव्यांनी आपल्याच रापणकार भावांच्या पोटावर पाय येतो.

जीव कुठे जातो

मोटर हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. खरी जोखीम मोटरच्या पुढे आणि मागे आहे.

पाती घ्या. त्यांची टोकं वाऱ्याच्या सहापट वेगाने फिरतात. ३० किलोमीटरच्या वाऱ्यात टोक १८० किलोमीटरने पळतं. हवामान खात्याचा इशारा आपण नेहमी वाचतो, ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. अशा झोताला पाच फुटांच्या चक्कीवर तीस किलोच्या वर मागे ढकलणारा जोर येतो. १५ च्या वाऱ्यात तोच जोर दोन किलोसुद्धा नसतो. दिवसभर शांत चालणारी चक्की एका झोतात खांबासकट का पडते, ते यावरून कळेल.

दुसरी जोखीम बॅटरी भरल्यावरची, आणि आपल्या पोराची चक्की नेमकी इथेच फसली. त्याने सोलरचा साधा कंट्रोलर लावला होता. बॅटरी भरली की तो कंट्रोलर पॅनलला तोडतो. सोलरला ते चालतं. चक्कीला तोडलं की तिच्यावरचं ओझं नाहीसं होतं आणि ती मोकाट सुटते. चक्कीसाठी जास्तीची वीज दुसऱ्या एखाद्या हीटरमध्ये जाळणारा कंट्रोलर लागतो. व्हिडिओत हे कोणी सांगितलं नव्हतं.

डीसी मोटरला एकच वायर सरळ बॅटरीकडे नेली तर वारा पडल्यावर बॅटरीच मोटरला पंख्यासारखी फिरवत बसते आणि सकाळी बॅटरी रिकामी. मध्ये डायोड हवा. डायोडच्या आधी मोटरच्या बाजूला ब्रेकचा खटका हवा, जो दोन वायरी एकमेकींना जोडतो. वर सांगितलेली दांडा जड होण्याची गंमत इथे कामाला येते. पण हा ब्रेक वारा वाढण्याआधी मारायचा. चक्की वेगात गेल्यावर मारला तर मोटर जळू शकते आणि ती थांबेलच असं नाही.

बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत ठेवू नये आणि जवळ विडी-सिगारेट नको. इन्व्हर्टर लावून ही वीज घराच्या वायरिंगमध्ये तर मुळीच सोडू नये. लाईट गेली म्हणून खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल.

मग करायचं काय

वाऱ्यावर वीज करणं काही नवीन नाही. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने १८८७ साली मेरीकर्क गावात कापडी शिडांची चक्की उभारून डायनॅमो फिरवला, बॅटऱ्या भरल्या आणि आपल्या घरात दिवे लावले. त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्कोरेग नावाची वस्ती आहे. तिथे गाडीरस्ता जात नाही, लोक होडीने किंवा पायी जातात. ह्यू पिगट हा तिथला माणूस गेली कित्येक वर्षं भंगारातून चक्क्या बनवत आला आणि त्याने जगभरच्या लोकांना त्या शिकवल्या. त्याने गाडीच्या चाकाचा हब आणि ब्रेकड्रम वापरून जनरेटर केले. आम्हाला त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. त्याच्या चक्कीची शेपटी अशी बसवलेली असते की वारा फार वाढला की चक्की आपोआप तोंड फिरवून बाजूला होते. वादळात शीड उतरवायचं, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्याने तेच चक्कीला शिकवलं.

आमचा प्रस्ताव असा आहे.

एक. संस्थेची मिळून एकच चक्की करावी, जेटीच्या टोकाला, जिथे माणसं बसत नाहीत आणि जाळी विणली जात नाहीत. शेडच्या छपरावर नको, तिथे माडांची आड येते आणि भिंती हादरतात. आजूबाजूच्या शंभर मीटरमध्ये जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा चक्की तीस फूट वर असावी, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. माडांच्या रांगेमागे बसवली तर नुसती गरगर फिरून तोंड बदलत राहील, वीज देणार नाही.

दोन. खांब बुंध्याशी बिजागरीचा असावा, म्हणजे मोठ्या वादळाचा इशारा आला की चार माणसांनी दोर सैल करून तो आडवा करावा. वर कोणी चढायचं नाही. वायर रोप, शॅकल, टर्नबकल यांत आपल्या खलाशांपेक्षा कोण हुशार? ट्रॉलचं जाळं ओढणाऱ्या हातांना खांब ताणून उभा करणं जड नाही.

तीन. खांबापासून शेडपर्यंत केबल जाड असावी. बारा व्होल्टला दहा अँपिअर तीस मीटर न्यायचे तर अडीच स्क्वेअरच्या वायरीत एक तृतीयांश वीज वाटेतच जाते. सहा स्क्वेअर तांबं घ्यावं. इथे वाचवलेले पैसे रोज गळत राहतात.

चार. शेडमध्ये बॅटऱ्या भरण्याची जागा करावी. सरकारी वीज असेल तेव्हा तिच्यावरच भराव्यात, ते सोपं आहे. चक्की आहे ती लाईट गेलेल्या दिवसांसाठी. नांगरलेल्या बोटीचा पंप दिवसाला दोन तास चालला तर साधारण शंभर वॅट-तास लागतात. पावसाळ्यातल्या चांगल्या वाऱ्याच्या दिवशी एक चक्की चार-पाच बोटींचं एवढं काम करू शकेल. ज्याची बॅटरी उतरली त्याने आणावी आणि भरलेली न्यावी. बर्फ, फ्रीज, घरचा एसी यांतलं काही तिच्यावर चालणार नाही, ही अपेक्षा आत्ताच सोडा.

पाच. जेटीची जागा आपली खाजगी नाही आणि किनाऱ्याचे नियम कडक आहेत. लेखी परवानगी मिळाल्याशिवाय खड्डा खणायचा नाही.

घाई मात्र नको. बंदी सुरू होण्याआधी खांब उभा करू, असं काही पोरं म्हणतात. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. नवी चक्की पहिल्यांदाच जूनच्या वाऱ्यात सोडणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला बार तोंडावर ढकलणं. या बंदीत शेडमध्ये बसून मोटर तपासू, पाती तासू, तीनही पाती एका वजनाची करू, शेपटी बसवू. नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरला की खांब उभा करू. पुढचे सात-आठ महिने मंद वाऱ्यात चालवून बघू. जे मोडायचं ते तेव्हा मोडू दे. पुढच्या पावसाळ्याला ती तयार असेल.

ज्या पोराची चक्की मोडली, त्यालाच आम्ही या कामाचा पुढारी करावं असं म्हणतो. काही घरांना हे आवडणार नाही, आम्हाला माहीत आहे. पण आपल्या गावात वाऱ्यावर दिवा लावून दाखवला तो त्यानेच, आणि कुठे चुकतं तेही आता त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. त्याला घरी बसवलं तर दुसरा कोणी तीच चूक दुसऱ्या टपावर करेल.

तोपर्यंत विनंती एवढीच. ज्यांनी बोटीवर चक्की बसवली आहे त्यांनी ती या आठवड्यात उतरवून शेडमध्ये आणून द्यावी. मोटर तुमच्या नावाने लिहून ठेवू, वाया जाणार नाही. आणि बंदीत ज्यांची बोट नदीत नांगरलेली राहणार आहे, त्यांनी पंपाची बॅटरी आत्ताच तपासून घ्यावी. चक्की पुढच्या वर्षी येईल. पाऊस याच वर्षी येणार आहे.

बंदीआधीच्या सभेत हा विषय घेऊ. पटत नसेल त्यांनीही यावं, तोंडावर बोलावं.

आपला,
सचिव